हळदीचा डाग आणि उन्हाची वीज



हळदीच्या कार्यक्रमाहून घरी आलं, की ओढणीवर एक तरी पिवळा डाग असतोच. साबण लावला तर तो जाण्याऐवजी तांबडा होतो आणि जीव घाबरतो. मग घरातली जाणती बाई सांगते, "घासत बसू नकोस, धुऊन उन्हात टाक." आणि खरंच, आपल्या छत्रपती संभाजीनगरच्या उन्हात एक-दोन दिवसांत डाग नाहीसा होतो. हळद कुठे जात नाही, तिचा रंग तुटतो. हळदीतला पिवळा रेणू ऊन पितो आणि ते पीत असतानाच मोडतो.

आजची गोष्ट याच दोन गुणांची आहे. रंग ऊन पितो, म्हणून त्यापासून वीज करता येईल का? आणि ऊन पिताना तो मोडतो, तर ती वीज टिकेल का? जगभरातले शास्त्रज्ञ गेली चाळीसेक वर्षं या दोन प्रश्नांमागे आहेत. त्यांनी बनवलेल्या वस्तूला म्हणतात सेंद्रिय सौरघट.

'सेंद्रिय' म्हटल्यावर आपल्याला गांडूळखत आठवतं. इथे त्याचा तसा अर्थ नाही. रसायनशास्त्रात कर्बाच्या, म्हणजे कार्बनच्या संयुगांना सेंद्रिय म्हणतात. हळद, नीळ, प्लॅस्टिक, शाई, कपड्याचा रंग ही सगळी त्याच कुळातली. छतावर आपण बघतो ती काळी-निळी काचेची पॅनेलं मात्र सिलिकॉनची असतात. सिलिकॉन वाळूतून काढतात, ते दगडाच्या कुळातलं. दगड उन्हात टिकतो, रंग उडतो. अजिंठ्याच्या लेण्यांत निळा रंग आजही दिसतो, कारण तो अफगाणिस्तानातून आलेला लाजवर्द दगड कुटून केलेला होता. तोच निळा एखाद्या फुलाच्या रसाचा असता तर आज तिथे काय दिसलं असतं, याचा अंदाज आपण करू शकतो.

आधी दगडाची गोष्ट

१८३९ साली पॅरिसमध्ये एदमों बेकरेल नावाच्या एकोणीस वर्षांच्या मुलाला वडिलांच्या प्रयोगशाळेत दिसलं, की द्रावणात बुडवलेल्या पत्र्यांवर प्रकाश पडला तर वीज वाहते. १८८३ च्या सुमारास न्यूयॉर्कमध्ये चार्ल्स फ्रिट्स याने सेलेनियमवर सोन्याचा अगदी पातळ थर देऊन उन्हावर चालणारा घट केला. त्याची कार्यक्षमता होती साधारण १ टक्का.

हा टक्का म्हणजे काय, ते आधी पक्कं करू, कारण पुढची सगळी गोष्ट त्याच्यावरच आहे. भर दुपारी स्वच्छ आकाश असेल, तर एक मीटर लांब आणि एक मीटर रुंद जागेवर साधारण १००० वॉट इतकं ऊन पडतं. घट १ टक्क्याचा असेल तर त्यातून १० वॉट मिळतात, म्हणजे एक एलईडी दिवा. ६ टक्क्यांचा असेल तर ६० वॉट, म्हणजे जवळपास एक पंखा. २० टक्क्यांचा असेल तर २०० वॉट, म्हणजे दिवे, पंखा आणि टीव्ही सगळं भागतं. जागा तीच, ऊन तेच. फरक फक्त टक्क्याचा.

१ टक्क्यावरून ६ टक्क्यांवर यायला सत्तर वर्षं लागली. एप्रिल १९५४ मध्ये अमेरिकेच्या बेल प्रयोगशाळेत चॅपिन, फुलर आणि पिअर्सन या तिघांनी सिलिकॉनचा घट लोकांना दाखवला. त्या दिवशी त्यांनी उन्हाच्या विजेवर एक खेळण्यातला पाळणा फिरवला आणि एक छोटा रेडिओ प्रक्षेपक चालवला. उन्हावरचा रेडिओ! आपल्या रेडिओवाल्यांना हे ऐकून बरं वाटेल. आज बाजारात मिळणारी सिलिकॉनची पॅनेलं साधारण २० ते २२ टक्क्यांची असतात.

मग रंगाची गोष्ट

आता रंगाकडे येऊ. रंगाची ओळख आपल्या भागाला नवी नाही. पैठणीचं रेशीम, औरंगाबादी हिमरू, दोन्हींची शान रंगात. पूर्वी निळीचा निळा आणि आल नावाच्या झाडाच्या मुळांचा तांबडा रंग दख्खनेत वापरात होता. १८५६ मध्ये लंडनला विल्यम पर्किन या अठरा वर्षांच्या पोराने डांबराच्या रसायनांतून जांभळा रंग काढला, आणि तिथून कारखान्यातले रंग सुरू झाले. १८९७ मध्ये जर्मनीची कृत्रिम नीळ बाजारात आली आणि शेतातली नीळ हळूहळू संपली.

असाच एक रंग अपघाताने सापडला. १९२८ मध्ये स्कॉटलंडमधल्या ग्रेंजमाउथच्या रंगकारखान्यात एका भांड्याच्या आतल्या अस्तराला तडा गेला होता. आतलं रसायन लोखंडाला लागलं आणि तळाशी निळा-हिरवा गाळ दिसला. कुणीही तो धुऊन टाकला असता. तिथल्या लोकांनी तो जपून ठेवला आणि तपासला. त्या कुळाचं नाव थॅलोसायनिन. त्यात लोखंडाऐवजी तांबं घातलं की झळझळीत निळा रंग मिळतो. आज छपाईच्या शाईत, रंगाच्या डब्यात, प्लॅस्टिकच्या निळ्या वस्तूंत तोच असतो. गंमत म्हणजे या रेणूची ठेवण झाडाच्या पानांतल्या हरितद्रव्यासारखी असते. पानाचं तर कामच ऊन पिण्याचं.

या रंगांच्या शास्त्राचं एक मोठं केंद्र आपल्या महाराष्ट्रात होतं. मुंबई विद्यापीठाचा रासायनिक तंत्रज्ञान विभाग, ज्याला सगळे यूडीसीटी म्हणायचे, १९३३ मध्ये सुरू झाला. मुंबईच्या कापड गिरण्यांना रंग आणि रंगारी हवे होते, ही त्यामागची एक मोठी गरज. तिथे के. वेंकटरामन यांनी वर्षानुवर्षं रंगांवर काम केलं. कृत्रिम रंगांच्या रसायनशास्त्रावरच्या त्यांच्या ग्रंथाचे पहिले दोन खंड १९५२ साली निघाले आणि जगभर वापरले गेले. १९५७ मध्ये ते पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेचे पहिले भारतीय संचालक झाले. तेव्हा रंग म्हणजे कापड. त्याच रंगांच्या कुळातून पुढे वीज निघेल, हे त्या काळी कुणाच्या ध्यानीमनी नव्हतं.

पुरणपोळी की खिचडी?

१९८६ साली अमेरिकेतल्या कोडॅक या फोटोच्या कंपनीत चिंग तांग यांनी तोच निळा रंग घेतला, त्यावर पेरिलीन कुळातल्या दुसऱ्या रंगाचा थर दिला आणि उन्हात धरला. कार्यक्षमता साधारण १ टक्का आली. म्हणजे शंभर वर्षांनी रंगवाले तिथे पोचले, जिथे फ्रिट्स १८८३ मध्ये होता. पण पहिल्यांदाच दिसलं, की दोन रंगांची जोडी जमवली तर त्यातून कामापुरती वीज निघू शकते. (याच तांग यांनी पुढच्या वर्षी उलटं काम केलं, वीज देऊन रंगातून प्रकाश काढला. आपल्या मोबाइलचे ओएलईडी पडदे हे त्याचंच पुढचं रूप.)

जोडी का लागते? एका रंगावर ऊन पडलं की त्यातला इलेक्ट्रॉन उठतो, पण सुटा होत नाही. तो आपल्या रिकाम्या जागेशी बांधलेला राहतो, पदराला गाठ मारल्यासारखा. ती गाठ सुटते दोन रंगांच्या सीमेवर, कारण दुसऱ्या रंगाची ओढ जास्त असते. पण ही जोडगोळी सीमेपर्यंत जाऊ शकते ती किती अंतर? साधारण दहा नॅनोमीटर. आपल्या एका केसाच्या जाडीचे हजारो भाग केले तर त्यातला एक. त्याहून लांब सीमा असली, तर ती वाटेतच विझते आणि ते ऊन फुकट जातं.

मग अडचण अशी झाली, की थर पातळ ठेवला तर ऊन पुरतं पिता येत नाही, आणि जाड केला तर सीमा लांब जाते. इथे दहा वर्षं गाडी अडली.

उत्तर सापडलं ते आपल्या स्वयंपाकघरातल्यासारखं. तांग यांचा घट होता पुरणपोळीसारखा, थर वेगळे, सीमा एकच. १९९२ मध्ये सारिचिफ्ची, हीगर आणि त्यांच्या साथीदारांनी दाखवलं, की वीजवाहक प्लॅस्टिकवर ऊन पडलं की त्यातला इलेक्ट्रॉन फुलरीन नावाच्या चेंडूसारख्या कर्बाच्या रेणूकडे चटकन उडी मारतो. १९९५ मध्ये कॅलिफोर्नियातल्या गटाने या दोघांची खिचडीच केली. दोन्ही पदार्थ एका द्रावणात मिसळून एकच थर पसरला. आता तांदळाच्या प्रत्येक दाण्याशेजारी डाळ होती, म्हणजे सीमा सगळीकडे होती. थर जाड ठेवूनही काम होऊ लागलं.

पण खिचडी करणारीला माहीत असतं, ती गिचका झाली तर बिघडते. इथेही तसंच. सुटलेल्या इलेक्ट्रॉनला बाहेर पडायला सलग वाट लागते. मिश्रण फार मऊ झालं तर वाट तुटते, फार भरड राहिलं तर सीमा लांब जाते. म्हणून पुढची पंधरा वर्षं कार्यक्षमता वाढवण्याचं काम म्हणजे खरं तर शिजवण्याचं काम होतं. २००३ ते २००५ च्या दरम्यान दिसलं, की थर पसरल्यावर त्याला बेतानं ऊब दिली, तर रेणू नीट रांगेत बसतात आणि घट साडेतीन, मग चार-पाच टक्क्यांवर जातो. २००७ मध्ये एका मिश्रणात एका द्रवाचे थोडेसे थेंब घातले, आणि २.८ टक्क्यांचा घट ५.५ वर गेला. पदार्थ तेच, फोडणी वेगळी.

या वीजवाहक प्लॅस्टिकचा शोधही चुकीतूनच लागला होता. जपानमध्ये शिराकावा यांच्या प्रयोगशाळेत एकदा प्रमाणाच्या हजारपट उत्प्रेरक पडला आणि काळ्या भुकटीऐवजी चकचकीत पापुद्रा तयार झाला. १९७७ मध्ये शिराकावा, मॅकडायरमिड आणि हीगर यांनी त्यातून वीज वाहून दाखवली, आणि २००० मध्ये तिघांना नोबेल मिळालं. त्या प्लॅस्टिकमध्ये कर्बाचे एकेरी आणि दुहेरी बंध आळीपाळीने असतात. आपल्या हळदीच्या पिवळ्या रेणूतही तशीच आळीपाळी असते. रंग आणि वीज, दोन्ही त्याच ठेवणीतून येतात.

कोणार्कच्या नावाची कंपनी

आता या गोष्टीतला उतार. २००१ मध्ये अमेरिकेत एक कंपनी निघाली, नाव कोनार्का. ओडिशातल्या कोणार्कच्या सूर्यमंदिरावरून ठेवलेलं. शास्त्रज्ञ सुकांत त्रिपाठी यांचा तिच्या पायाभरणीत वाटा होता, पण कंपनी उभी राहण्याआधीच, डिसेंबर २००० मध्ये, त्यांचा समुद्रात बुडून मृत्यू झाला. हीगरही संस्थापकांत होते. वर्तमानपत्र छापावं तसं विजेचं प्लॅस्टिक छापायचं, पिशवीवर, छत्रीवर, तंबूवर लावायचं, असा बेत होता. पैसा आला, यंत्रं आली.

२०१२ मध्ये कंपनीचं दिवाळं निघालं. प्रयोगशाळेतला नखाएवढा घट आणि यंत्रावरून निघणारी मीटरभर पट्टी यांच्या टक्क्यांत मोठं अंतर होतं. पट्टी काही वर्षांतच अशक्त व्हायची, अगदी आपल्या हळदीच्या डागासारखी. आणि त्याच काळात सिलिकॉनच्या पॅनेलांचे भाव धडाधड कोसळले. स्वस्त होईल म्हणून जे निघालं होतं, त्याच्यासमोर जुनंच जास्त स्वस्त होऊन उभं राहिलं.

अनेकांना वाटलं, संपलं. पण संपलं नाही. अडचण होती ती फुलरीनच्या चेंडूत. तो ऊन फारसं पीत नाही, त्यामुळे जोडीतला एकच कमावता होता. २०१५ मध्ये बीजिंगमध्ये झान शियाओवेई यांच्या गटाने चेंडूऐवजी स्वतः ऊन पिणारा रेणू आणला. आणि २०१९ मध्ये चीनमधल्याच एका विद्यापीठात झोऊ यिंगपिंग या बाईंनी वाय-६ नावाचा रेणू घडवला. त्याने एका झटक्यात १५.७ टक्के गाठले. आता जोडीतले दोघंही कमावू लागले. त्यानंतर याच कुळातल्या रेणूंनी १९ आणि मग प्रयोगशाळेत २० टक्क्यांच्या आसपास मजल मारली. १९८६ चा १ टक्का ते आजचे २०, हा प्रवास चाळीस वर्षांच्या आतला आहे.

आपल्या मातीतलं काम

उन्हाची वीज करायची तर आधी ऊन मोजायला हवं. भारतात ते काम एका बाईने उभं केलं, आणि तेही पुण्यात बसून. अॅना मणी या केरळच्या. १९४८ मध्ये त्या पुण्याच्या हवामान खात्यात आल्या. परदेशी उपकरणांवर अवलंबून न राहता ती इथेच बनवायची, हा त्यांचा ध्यास. १९५७-५८ च्या आंतरराष्ट्रीय भूभौतिक वर्षात त्यांनी देशात ऊन मोजणारी केंद्रं उभारली. १९८० मध्ये भारतातल्या सौर प्रारणाच्या आकड्यांचा त्यांचा ग्रंथ निघाला. सौरऊर्जेचं काम करणारे पुढे त्याच आकड्यांचा आधार घेऊ लागले.

रंगाच्या घटांची एक बहीण आहे. १९९१ मध्ये ओरिगन आणि ग्रेट्झेल यांनी स्वित्झर्लंडमध्ये ती घडवली. भिंतीच्या पांढऱ्या रंगात असणारी टायटॅनियम डायऑक्साइडची भुकटी घ्यायची आणि तिच्या कणांना रंगद्रव्य चढवायचं. त्यांना साधारण ७ टक्के मिळाले. बीट, डाळिंब, जास्वंद यांचा रस लावूनही असा घट चालतो, फक्त टक्का अगदी कमी येतो. पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत सतीशचंद्र ओगले यांच्या गटाने या घटांवर बरंच काम केलं. कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठात सी. डी. लोखंडे यांनी महागड्या यंत्रांशिवाय, काचेच्या चंचूपात्रातल्या द्रावणात काच बुडवून, पातळ थर चढवण्याची पद्धत रुजवली. राजाराम माने आणि लोखंडे यांनी २००० मध्ये या पद्धतीवर लिहिलेला लेख जगभर वाचला गेला. माने पुढे आपल्या मराठवाड्यातच, नांदेडच्या स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठात काम करू लागले. कमी पैशात, साध्या भांड्यात करता येणाऱ्या शास्त्राला आपल्या भागात मोल आहे, कारण लहान गावातून आलेल्या मुलीलाही त्या कामात हात घालता येतो.

आपल्याला यातून काय?

मैत्रिणींनो, तुम्ही विचाराल, आमच्या छताला यातून काय मिळणार? खरं उत्तर असं, की आज घरावर बसवायचं असेल तर सिलिकॉनच. २०२४ पासून पंतप्रधान सूर्यघर योजनेत १ किलोवॉटला ३०,००० रुपये, २ किलोवॉटला ६०,००० आणि ३ किंवा त्याहून जास्त किलोवॉटला ७८,००० रुपये अनुदान आहे. आपल्या उन्हात १ किलोवॉटचं पॅनेल दिवसाला साधारण चार युनिट देतं. कुणी "नवीन प्लॅस्टिकचं पॅनेल, वीस टक्के" म्हणून दारात आलं, तर तीन प्रश्न विचारा. हे वीस टक्के नखाएवढ्या घटाचे की पूर्ण पॅनेलचे? उन्हात किती वर्षं टिकून दाखवलंय? मोजलं कुणी, विकणाऱ्याने की दुसऱ्या कुणी? कोनार्काची सगळी गोष्ट या तीन प्रश्नांत आहे.

मग रंगवाल्यांनी इतकी वर्षं झटायचं कशाला? कारण ज्यांना सिलिकॉन परवडलं तरी पेलत नाही, अशी घरं पुष्कळ आहेत. एक काचेचं पॅनेल वीस किलोच्या वर भरतं. पत्र्याच्या खोलीवर ते चढवायची छाती होत नाही. भाड्याच्या घरात छत आपलं नसतं. रंगाची पट्टी त्याच्या कितीतरी पट हलकी असते, गुंडाळता येते, खोली बदलली तर सोबत नेता येते. आणखी एक. सिलिकॉनला उष्णता सोसत नाही. आपल्या मे महिन्यात पॅनेल ६५ अंशांवर तापलं, तर त्याची साधारण सातवा हिस्सा वीज कमी होते. रंगाच्या घटांना हा तोटा बहुधा कमी बसतो. म्हणजे जिथे ऊन जास्त आणि छत कमजोर, तिथेच या वस्तूची गरज आहे. हे वर्णन आपल्याच वस्त्यांचं आहे.

म्हणून आता खरी लढाई टक्क्यांची कमी आणि टिकण्याची जास्त आहे. हवेतला प्राणवायू आणि ओल आत जाऊ नये म्हणून पट्टीवर पापुद्रे चढवले जातात. उन्हातले अतिनील किरण अडवले जातात. न मोडणारे रेणू शोधले जातात. वीस टक्के गाठले, आता वीस वर्षं गाठायची आहेत.

पुढच्या वेळी हळदीचा डाग उन्हात टाकाल, तेव्हा लेकीला जवळ बोलवा. तिला सांगा, की हा डाग जातो का, आणि तो जाऊ नये म्हणून काय करावं लागेल, या प्रश्नावर जगातली मोठमोठी डोकी लागली आहेत. कुणी सांगावं, उत्तर तिलाच सापडेल. उन्हाची तर आपल्याकडे कधीच टंचाई नव्हती.